आधी फोन, मग दार

पोटच्या मुलीनं मला भर पावसात दाराबाहेर बसवून ठेवलं आणि आतून शांतपणे सांगितलं, "माझी आई महाडला आहे. तुम्ही जा." ही हकिगत मी आजवर पुष्कळांना सांगितली. ऐकणारा आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प होतो. दोन पावसाळे उलटले, तरी ते वाक्य आठवलं की मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं होतं. आणि तिला असं बोलायला शिकवलं कुणी? मीच.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. महाड तालुक्यातल्या शाळांमधून सव्वीस-सत्तावीस वर्षं फळ्यापुढे उभी आहे, आणि फळ्यापुढे उभं राहून राहून माणसाचा जो स्वभाव होतो तो माझा झालेला आहे. आवाज चढा, हातात कायम खडू, आणि समोरच्याला काही कळत नाही हा पक्का समज. मुलगी एकुलती एक. ती बारा वर्षांची असताना पुण्याच्या डॉक्टरांनी तिला ऑटिझम आहे असं सांगितलं. तोवर मी तिला हट्टी म्हणत होते आणि नातेवाईक शिष्ट म्हणत होते. बोललेलं तसंच्या तसं धरायचं, ही तिची रीत. "पाच मिनिटांत येते" म्हणून मी गेले आणि सातव्या मिनिटाला आले, तर ही दारात घड्याळ घेऊन उभी. गौरी-गणपतीत गल्लीत ढोल सुरू झाले की न्हाणीघरात कान दाबून बसायची. दहावी झाली, बारावी झाली, शिवणाचा कोर्स झाला, आणि माणसं मला विचारायला लागली की तुमच्यानंतर हिचं काय. हा प्रश्न लोक कसे सहज विचारतात बघा, जणू उद्या भाजी कोणती करणार असं विचारताहेत.

मिक्सरची गोष्ट घडली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. मी शाळेत, नवरा एमआयडीसीतल्या कंपनीत कामावर. संध्याकाळी घरी येते तर ओट्यावर मिक्सर नाही. विचारलं, तर म्हणाली, "एक काका आले होते. मिक्सर दुरुस्तीला द्यायचा आहे का म्हणाले. मी दिला."

"ओळखीचे होते?"

"नाही."

"मग दिलास कसा?"

"मिक्सर बिघडलाय असं काल तूच म्हणालीस."

म्हटलं होतं खरं. तिन्ही भांडी गेली, झाकणं गेली, आणि त्या काकांनी पिशवी मागितली म्हणून माझी चांगली शबनमही गेली. मी स्वयंपाकघरात फरशीवरच बसले. मिक्सर गेला खड्ड्यात. पण तो माणूस आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता. त्यानं पाणी मागितलं, हिनं दिलं. त्यानं आणखी काय काय मागितलं असतं आणि हिनं काय काय दिलं असतं, हे मनात आलं आणि मी उठून दाराची कडी लावली. ती माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, मला मिक्सरचं वाईट वाटतंय. "ते आणून देणार आहेत," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेननं तक्ता लिहिला. पहिलीच्या वर्गासाठी लिहितो तशा टपोऱ्या अक्षरात. दार बंद ठेवायचं, आतून कडी. ज्याला यायचंय तो आधी फोन करेल. आधी फोन, मग दार. फोन नाही तर दार नाही. कुणीही आलं तरी. खाली लाल रेघ मारून पुन्हा लिहिलं, कुणीही म्हणजे कुणीही.

तक्ता लावून भागत नाही, सराव लागतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझा भाऊ तुडीलला असतो. भातशेती करतो आणि गावच्या नाटकात हटकून काम करतो, कारण नकला करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. दोन-अडीच महिने दर रविवारी तो आमच्याकडे यायचा आणि दाराबाहेर उभा राहून एकेक सोंग काढायचा. कधी गॅसवाला, कधी कुरिअरवाला, कधी गणपतीची वर्गणी मागणारा, कधी तहानेनं व्याकूळ झालेला म्हातारा. आतून ही एकच सांगायची, "आधी फोन करा." म्हाताऱ्याच्या वेळी तर माझ्याच घशाला कोरड पडली, इतका तो विव्हळला. ही ढिम्म. मी तिला श्रीखंडाची वडी दिली.

मग एका रविवारी त्यानं माझा आवाज काढला. "अगं ए, उघड गं, पिशव्या जड आहेत." मी जिन्याखाली लपून ऐकत होते, मलासुद्धा क्षणभर आपणच बोलतोय असं वाटलं. तिनं दार उघडलं. तोंडभर हसत उघडलं. समोर मामा.

त्या दिवशी मी तिला जे बोलले ते आठवलं की अजून कसंतरी होतं. "आवाजावर विश्वास ठेवायचा नाही! आवाज कुणीही काढतं! माझ्या नावानं फोन आला तरच ती मी, नाहीतर मी नाही! कळलं?" ती रडली. रडत रडत वहीत लिहून घेतलं. भाऊ म्हणाला, "जाऊ दे गं ताई, आईचाच आवाज होता." मी त्यालाही झापलं.

पुढचे रविवार मी स्वतः बाहेर उभी राहिले. "अगं पडले गं, पाय मुरगळला माझा, खरंच सांगते, उघड." असं विव्हळायचे की शेजारच्या दारांतून माणसं डोकावायची. तिनं एकदाही उघडलं नाही. मी शाळेत सगळ्यांना कौतुकानं सांगितलं. सगळे वाहवा म्हणाले आणि मी ती खाली मान घालून घेतली.

पोलादपूरला एक बाई शाळांचे गणवेश शिवायचं काम घेतात. त्यांच्याकडे माझी मुलगी काज-बटणाला लागली. एका शर्टाची सात बटणं सारख्या अंतरावर, सारख्या ताणानं लावायची, हे इतरांना कंटाळवाणं वाटायचं आणि हिला तेच आवडायचं. सुरुवातीला मी सोबत जायचे. मग ती एकटी जायला लागली, म्हणजे मी महाडच्या स्टँडवर कंडक्टरला सांगायचे, "हिला पोलादपूरला उतरवा, स्टँडच्या आत, बाहेर हायवेवर नको," आणि तिच्या मुठीत माझ्या नंबराची चिठ्ठी कोंबायचे. चोवीस वर्षांच्या मुलीच्या मुठीत. गाडीतले लोक बघायचे. मला त्याचं काही वाटत नसे. तिला वाटत असेल हे डोक्यातच आलं नाही.

आणि एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "गाडी रोज उशिरा येते. मला त्रास होतो. मला पोलादपूरला खोली हवी." घास हातात तसाच राहिला. मी म्हटलं, काहीतरीच काय. नवरा मोजकं बोलणारा माणूस. त्यानं ताक ओतून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे तिला." दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

गणवेशवाल्या बाईंनीच खोली बघून दिली. एका म्हाताऱ्या बाईंच्या घराची मागची पडवी बंदिस्त करून काढलेली, स्वतंत्र दाराची. दाराच्या भिंतीला खिडकी नाही, खिडकी दुसऱ्या अंगाला, परसाकडे. मालकीण एकटी, मुलगा मुंबईला. मी माझी अट घातली. मोबाइलच्या नकाशावर माणूस कुठे आहे ते दाखवणारा ठिपका असतो, तो तिनं चालू ठेवायचा, म्हणजे मला ती कुठे आहे ते दिसेल. ती म्हणाली, "तू मला बघणार, मग मी पण तुला बघणार." मी म्हटलं, बघ. मी कुठे जातेय, शाळा आणि घर. तक्ता तिनं खोलीच्या भिंतीला लावला.

दीड महिना झाला असेल, मालकीणबाईंचा फोन आला. त्या भयंकर चिडल्या होत्या. "मास्तरीनबाय, तुमची पोरगी दाराला आतून कडी घालते. गरम भाकरी घेऊन गेले तर म्हनते, आधी फोन करा. माज्या घरात मी फोन करून जाव काय? चोर हाय काय मी? वाडीत हसतात लोकां."

त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे दिवसाउजेडी दार लावून कोण बसतं? शेजारीण मागल्या दारानं येते, चूल बघते, कालवणाला काय केलंय ते झाकण उघडून बघते आणि मग विचारते, काय चाललंय. कडी घालणारा माणूस एकतर आजारी, नाहीतर भांडलेला. मी मालकीणबाईंची माफी मागितली, मुलीचं सगळं समजावून सांगितलं. त्या "बघते" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आणि मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. ती गेल्यापासून घर नुसतं खायला उठत होतं. दोन ताटं वाढताना तिसरं हातात यायचं. आता निमित्त मिळालं होतं. खोली सुटणारच आहे, तर त्या बाईंनी बाहेर काढायच्या आधी आपणच आणावी. असं मी स्वतःला सांगितलं. नवऱ्याला नाही सांगितलं.

मधले तीन रविवार शाळेच्या कामात गेले, चौथ्या रविवारी निघाले. मुद्दाम न कळवता. तिला कळवून गेले की ती सगळं तक्त्याप्रमाणे आवरून ठेवणार, मला तर खरं काय ते बघायचं होतं. आयुष्यभर अचानक तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या नावानं मी बोटं मोडली, आणि आता तेच करायला निघाले. ठिपक्यावरून तिला कळू नये म्हणून फोन फ्रिजवर चार्जिंगला लावून ठेवला. ठिपका घरी, मी गाडीत. माझ्या हुशारीचं मला हसू आलं. सोबत एक मोठी रेक्झिनची बॅग घेतली, रिकामी, तिचे कपडे भरायला. नवरा कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. तिथे फोन गेटवरच जमा करावा लागतो.

श्रावणातली सर येत होती, जात होती. पोलादपूरच्या स्टँडवर उतरले आणि चालत गेले. मालकीणबाईंचं पुढचं दार सताड उघडं, आत कुणी नाही. मी बाजूनं मागे गेले. तीन जांभ्याच्या पायऱ्या आणि वर तिचं दार. वळचणीखाली दोरीवर कपडे, चिमटे सारख्या अंतरावर. आतून फोडणीचा वास आला. मला जरा धक्काच बसला, कारण माझ्या घरी मी तिला तेलाजवळ जाऊ दिलं नव्हतं कधी.

दार वाजवलं.

"कोण?"

"अगं मी."

"मी कोण?"

"आई गं. उघड."

आतून, "आधी फोन करा."

मी हसले. "फोन घरी राहिला गं माझा. उघड आता."

आत पावलं लांब गेली आणि परत आली. मग ती म्हणाली, "माझी आई महाडला आहे. मी बघितलं. घरीच आहे. तुम्ही जा."

तुम्ही! आधी मला गंमत वाटली, मग ती गंमत संपली. मी माझा आवाज चढवला, वर्गातला. दारावर हात आपटले. "उघड म्हणते ना! आईला ओळखत नाहीस?" माझं डोकं फिरलं. आता परसाकडच्या खिडकीशी जाऊन बघते म्हणून तरातरा वळले आणि पायऱ्यांवरच्या शेवाळावरून पाय सटकला. तिन्ही पायऱ्या बसून उतरले. उजवा घोटा आत वळला आणि कळ पार डोक्यात गेली.

"अगं पडले गं, पाय मुरगळला माझा, खरंच सांगते, उघड!"

हे शब्द तोंडातून निघाले आणि मी चरकले. तेच होते. शब्दन् शब्द तेच, महाडच्या घराबाहेर उभी राहून रविवारच्या रविवार म्हटलेले. एक शब्द नवा सुचला असता तरी चाललं असतं, पण खरंच पडल्यावर माणूस दुसरं काय ओरडणार?

आतून तुटक आवाज आला, "असं तालमीत पण म्हणतात."

मग मी सगळं करून बघितलं. तिच्या पाठीवरचा तीळ सांगितला. लहानपणी ती कुठल्या चादरीशिवाय झोपत नसे ते सांगितलं. ती म्हणाली, "मामाला पण माहीत आहे." शेवटी मी शिव्या दिल्या, हात जोडले, रडले. पाऊस वाढला. वळचणीचं पाणी नेमकं माझ्या खांद्यावर पडत होतं आणि सरकायला पाय उचलत नव्हता. रिकामी बॅग मी डोक्यावर धरली.

पंधरा-वीस मिनिटं असेन तिथे. तेवढ्यात माझ्या मनात जे जे आलं ते सांगण्यासारखं नाही, पण एक सांगते. आमच्या नात्यातल्या एक बाई फार वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या, "अशा मुलांना माया नसते गं, तू जीव टाकू नको." तेव्हा मी त्यांना घराबाहेर काढलं होतं. त्या दिवशी पायरीवर बसून मला वाटलं, त्या खरं बोलल्या होत्या. मी इथे मेले तरी ही आत आमटी ढवळत राहील. आईचं रडणं ऐकूनही जिचा हात कडीकडे जात नाही, तिला मी कसली स्वतंत्र करत होते? मी हादरून गेले होते. तिच्यापेक्षा स्वतःला जास्त घाबरले होते, कारण मला त्या क्षणी ती परकी वाटली.

इतक्यात मालकीणबाई डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून धावत आल्या. वरच्या आळीत कुणाकडे गेल्या होत्या. हातात बटणांचा फोन. मला बघून जागीच थांबल्या.

"अगो बाय माजे, तू हायस होय? पोरगीचा फोन आला, आजी लवकर ये, दारात कोन बाई पडलीय, आवाज आईचा हाय पन आई नाय. मला वाटला काय भूतबीत हाय काय."

मी म्हटलं, "मावशी, तिला दार उघडायला सांगा."

मला वाटलं, त्या दारावर थाप मारतील. त्यांनी तसं केलं नाही. माझ्या डोक्याशी उभ्या राहून, दारापासून दोन हातांवर, त्यांनी फोन लावला. आत घंटी वाजली. "मी बोलते गो. तुजीच आई हाय ती. मी बघितली माज्या डोल्यांनी. पाय दुखावलाय तिचा. उघड."

मी पायाचं दुखणं विसरले. "तुम्ही फोन करून येता?"

"मंग काय करू? पोरगी म्हनते फोन करा. आता वटीवरनं लावते फोन, येऊ काय गो म्हनून. ती म्हनते या, मंग जाते." बाईंनी डोक्यावरचा कागद सावरला. "ती पन तसाच करते. माज्याकडं यायचा तरी आधी इचारते, आजी येऊ का. एवढा जल्म गेला, मला कोनी इचारून आला नव्हता गो."

"पण तुम्ही तर तक्रार..."

"ती काय आताची गोष्ट हाय?" असं म्हणून त्यांनी मला काखेत हात घालून उठवलं.

कडी निघाली. ती दारात उभी. गळ्यात पडली नाही, ते तिला जमत नाही. हातातल्या फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोनकडे. मग फोन माझ्यापुढे धरला. महाड, आमची गल्ली, आमचं घर, आणि त्यावर माझा ठिपका.

"तू घरी आहेस," ती म्हणाली.

"फोन घरी ठेवला मी."

"विसरलीस?"

हो म्हणणं सोपं होतं. पण मी इतकी भिजलेली आणि हरलेली होते की खरं तेच बाहेर पडलं. "नाही. मुद्दाम ठेवला. तुला न सांगता बघायचं होतं."

तिनं विचार केला. विचार करताना ती डाव्या हाताची बोटं एकेक करून दाबते. पाचही दाबून झाली. "मग बघ," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

मी बघितलं. माझा एकच तक्ता होता, आता भिंतीवर सहा होते. बाकीचे तिच्या अक्षरात. गॅस. कामाला जाताना. पगाराच्या दिवशी. आवाज सहन होत नसेल तेव्हा. दाराच्या तक्त्यात तिनं माझ्या ओळींखाली भर घातली होती. बाहेर कुणी अडचणीत असेल तर दार उघडायचं नाही, पण आजींना फोन करायचा, आजी नसतील तर गणवेशवाल्या बाईंना. म्हणजे तिनं जे केलं ते लिहिलेलं होतं, आणि मी लिहिलेलं नव्हतं. बाहेर खरंच कुणी पडलं असेल तर काय, हे इतक्या रविवारांत मला सुचलंच नव्हतं. तिनं आजींच्या फ्रिजमधून बर्फ मागवला, फडक्यात बांधला, घोट्याला धरला आणि घड्याळ लावलं. आमटी तिखट झाली होती. मी दोन वाट्या प्यायले.

मग तिचं लक्ष बॅगकडे गेलं. उचलून बघितली. "ही रिकामी का?"

मालकीणबाई दाराला टेकून बसल्या होत्या. त्यांनी बॅगकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं. मुंबईला गेलेल्या मुलाची आई ती, रिकाम्या बॅगा त्यांनी कमी बघितल्या नसतील. त्यांनी पान काढलं.

"डबे न्यायला आणली," मी म्हटलं.

तिनं लगेच फळीवरून माझे डबे काढले. लाडवाचा, चटणीचा, लोणच्याचा, दर खेपेला मी पाठवलेले. घासून पुसून, प्रत्येकावर त्याचंच झाकण. एकेक करून सगळे बॅगेत भरले आणि चेन लावली. बॅग फुगली. तिचा एकही कपडा मावला नसता.

रिक्षा तिनं बोलावली, फोन करून. स्टँडवर रविवारची ही गर्दी. कानांवर ती कामावर लावते ते जाडजूड हेडफोन चढवून ती माझी बॅग धरून पुढे चालत होती आणि मी तिच्या खांद्याला धरून लंगडत मागे. महाडची गाडी लागली. तिनं मला पुढच्या बाकावर बसवलं आणि कंडक्टरला म्हणाली, जरा मोठ्यानं, कारण हेडफोनमुळे तिला स्वतःचा आवाज कळत नसतो, "ही माझी आई आहे. हिला महाडला उतरवा. स्टँडच्या आत, बाहेर हायवेवर नको. तिच्याकडे फोन नाही." मग खिशातून चिठ्ठी काढली, तिचा नंबर लिहिलेली, आणि माझ्या मुठीत दिली. बोटं मिटवून दिली.

गाडीतले सगळे बघत होते. मान खाली घालून मी ती चिठ्ठी घट्ट धरून बसले. लाजेनं कान तापले होते माझे. रोज सकाळी, तीन महिने, तिचे तापत असणार.

घरी पोचले तेव्हा नवरा अजून यायचा होता. भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर फोन होता, सकाळी ठेवला तसाच. हातात घेतला. तिचे अकरा मिस्ड कॉल. सगळे त्या पंधरा-वीस मिनिटांतले. खाली मेसेज.

आई फोन उचल.

दारात तुझ्या आवाजाची बाई आहे.

ती पडली म्हणते. तू पडली नाहीस ना?

आई उचल ना.

ती रडतेय. मला खूप भीती वाटतेय. मी पण रडतेय.

मी दार उघडलं नाही. बरोबर केलं ना?

मी फ्रिजला टेकून उभी राहिले. पायरीवर बसून मी तिला काय काय ठरवलं होतं, आणि त्याच वेळी दाराच्या पलीकडे, माझ्यापासून दोन हातांवर, ती मलाच हाका मारत होती. मी इथे घणघणत होते, चार्जिंगला.

फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"बरोबर केलंस," मी म्हटलं.

"मग तू ओरडलीस का?"

सत्तावीस वर्षं मी मुलांना उत्तरं विचारतेय. "चुकलं माझं," मी म्हटलं. तिला हे मी आजवर कधी म्हटलं नव्हतं, मामानं माझा आवाज काढला त्या दिवशीही नाही.

"बरं," ती म्हणाली. "पाय वर ठेवून बस. बर्फ लाव. मग फोन कर."

मी बर्फ काढला आणि घड्याळ लावलं.